घरी माणसं आहेत, पण मोकळं कोण आहे?

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात बाळंतपणाची रजा संपत आली की बाईला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "घरी एवढी माणसं आहेत, पोराची कसली काळजी?" म्हणणारा मनापासून म्हणतो. घर खरंच भरलेलं असतं. सासू-सासरे, दीर-जाऊ, एखादी आजेसासू, भिंतीला भिंत लागून चुलत्यांचं घर. पण ही माणसं सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत नेमकी कुठे असतात, ते कुणी मोजलेलं नसतं. काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी अशा गावांत दावणीला चार गायी असलेल्या घराचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. धारा काढायच्या, दूध डेअरीवर घालायचं, शेण काढायचं, वैरण आणायची, कुट्टी करायची, गोठा धुवायचा. दुपारी जरा पाठ टेकते तोवर परत धारांची वेळ होते. यात सासूबाईंचा वाटा सगळ्यांत मोठा असतो. त्या घरीच असतात, म्हणून त्या मोकळ्या आहेत असं सगळे धरून चालतात.

म्हणून 'मूल कोण सांभाळणार?' असं विचारूच नका. 'आपण सगळे' असं उत्तर येईल आणि त्या उत्तरावर कुणाला कामावर जाता येत नाही. 'मंगळवारी दुपारी चार वाजता बाळ कुणाच्या नजरेखाली असेल?' असं विचारा. उत्तरात एकच नाव आलं पाहिजे.

तासांचा कागद

वहीचं एक पान आडवं धरा. वर आठवड्याचे वार, डावीकडे पहाटे पाच ते रात्री दहा. आधी प्रत्येकाची न टळणारी कामं लिहा : धारा, डेअरी, शाळा, दुकान, दवाखाना. मग तुमची ड्युटी लिहा, आणि ती दारातून बाहेर पडल्यापासून घरात पाय ठेवेपर्यंत मोजा. एमआयडीसीत सातची फर्स्ट शिफ्ट असेल आणि कंपनीची बस गावच्या फाट्यावर सहाला येत असेल, तर तुमचा दिवस सहाच्या आधीच सुरू होतो. इंदापूरहून बारामतीला रोज ये-जा करणारीला एका बाजूचे साधारण पन्नास किलोमीटर पडतात. हे तास पगाराच्या स्लिपवर कुठेच दिसत नाहीत, बाळाला मात्र तेवढा वेळ आई दिसत नाही. आता ज्या चौकोनांत कुणाचंच नाव बसत नाही, त्यांना पेनाने गोल करा. ती तुमची खरी अडचण. बहुतेक घरांत ती दिवसभराची निघत नाही, दोन-तीन ठिकाणी निघते : सकाळी सहा ते नऊ, दुपारी चार ते साडेपाच, आणि शिफ्ट बदलण्याचा दिवस.

शिफ्ट आठवड्याला बदलत असेल तर प्रत्येक शिफ्टचं पान वेगळं करा. बाप शेती करत असेल तर विजेची पाळीही त्यात आली. ज्या फीडरवर अजून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री थ्री-फेज लाईट येते, तिथे रात्रपाळीच्या आठवड्यात बाप दारं धरायला रानात असतो आणि सकाळी झोपलेला असतो. त्याच आठवड्यात तुमची फर्स्ट शिफ्ट आली, तर पहाटे रडणाऱ्या बाळाला घ्यायला कोण उठणार? हा प्रश्न रविवारी कागदावर सुटतो. सोमवारी पहाटे तो भांडणात जातो.

मग वर्षाचं पान. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे जाते आणि घरातली आजी तिच्याबरोबर पंढरपूरला निघते. तिला अडवू नये. आठ-दहा दिवसांची सोय मात्र महिनाभर आधी लावलेली असावी. कारखान्याचं गाळप सुरू झालं, आपल्या उसाला तोड आली, की घरातली सगळी माणसं रानात. उन्हाळ्यात लग्नसराई. आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा प्रसंग म्हणजे नणंद बाळंतपणाला माहेरी येते. आता सासूबाईंना लेकीचं बाळंतपण करायचंय. तुमचं एक वर्षाचं पोर त्याच वेळी त्यांच्या अंगावर टाकणं चूक आहे. हे चारही प्रसंग तारखेसकट आधी माहीत असतात, तरी दर वर्षी ते अचानक आल्यासारखे वाटतात.

रजेचं गणित

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये तो दुरुस्त झाला आणि पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. दोन मुलं आधीच असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. २६ आठवडे कायम आहेत. अट एवढीच, की बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं.

या २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आपल्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी न्यायची रीत आहे, आणि रजा तिथूनच खर्च व्हायला लागते. आठही आठवडे आधी गेले तर मागे उरतात १८. म्हणजे बाळ चार महिन्यांचं असताना तुम्ही मशीनवर. सहा महिने फक्त आईचं दूध द्या असं डॉक्टर सांगतात, ते मग जमवायचं कसं? तब्येत ठीक असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील, तर आधीची रजा कमीत कमी घ्या. डोहाळजेवण रविवारी करा, ओटी भरा, फोटो काढा आणि सोमवारी कामावर जा. रीत मोडत नाही, आणि वाचलेला एकेक आठवडा बाळाच्या वाट्याला जातो. काम उभं राहायचं किंवा वजन उचलायचं असेल तर मात्र हा हिशेब करत बसू नका. तिथे डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्यांना या काळातला पैसा कंपनीऐवजी ईएसआय महामंडळाकडून मिळतो. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. गरोदरपण कळलं त्याच महिन्यात आपल्या विमा क्रमांकावर अंशदान खरंच जमा होतंय का ते बघून घ्या. ठेकेदाराकडून लागलेल्या बायकांना 'तुला कुठली रजा' असं सर्रास सांगितलं जातं. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की बाळंतपणाचा लाभ कायम नोकरीतल्या बायकांपुरता नाही. हजेरीचा, पगाराचा जो कागद हातात येईल त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ८० दिवस सिद्ध करायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आणि राज्य सरकारच्या सेवेतल्या बायकांसाठी २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे : पूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. ती सगळी पहिल्या दोन वर्षांत संपवू नये असं माझं मत. पाचवी-सहावीतलं पोर टायफॉइडने पडतं तेव्हा या रजेची जास्त आठवण येते.

पाळणाघराचा हक्क

५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. शिवाय बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन वेगळ्या सुट्या मिळतात. बारामतीच्या एमआयडीसीत ही गरज ठळक दिसते. टेक्स्टाईल पार्कमध्ये शिलाई मशीनवर बसणाऱ्या बहुतेक बायका आसपासच्या गावांतून येतात आणि त्यातल्या कितीतरी जणींची मुलं लहान असतात. चॉकलेट बनवणाऱ्या फेरेरो कंपनीने बारामतीत कामगारांच्या मुलांसाठी 'पिएत्रो फेरेरो किंडरगार्टन' सुरू केलं, म्हणजे ही गोष्ट इथे होऊ शकते. छोट्या युनिटला एकट्याने पाळणाघर परवडत नाही, असं मालक म्हणतात. त्यात तथ्यही आहे. पण शेजारच्या चार युनिटनी मिळून एक चालवायला कायद्याची आडकाठी नाही.

मागणी एकटीने तोंडी करू नका. पाच-सहा जणींनी मिळून साधा अर्ज द्या : 'आमच्याकडे सहा वर्षांखालील अमुक इतकी मुलं आहेत. कायद्यातील तरतुदीनुसार पाळणाघराची व्यवस्था करावी, किंवा जवळच्या पाळणाघराशी करार करावा, ही विनंती.' खाली मुलांची वयं लिहा. तारीख घाला, पोच घ्या. भाषा विनंतीचीच ठेवा, प्रत मात्र स्वतःजवळ ठेवा.

पाळणाघर घरगुती असो वा कंपनीचं, बघायला जाल तेव्हा भिंतीवरची कार्टून बघू नका. दुपारी दोन-अडीचला, न सांगता जा. मुलं झोपलेली असतील तेव्हा बाई काय करते ते दिसतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि एक मदतनीस असं प्रमाण धरलं आहे. तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे तेवढेच. घरगुती पाळणाघरात एक बाई बारा तान्ही पोरं बघत असेल तर ती कितीही मायाळू असली तरी तिला दोनच हात आहेत. स्वयंपाकाचा गॅस मुलांच्या खोलीत आहे का, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, लाईट गेल्यावर उकाड्यात काय करतात, मूल घ्यायला अनोळखी माणूस आला तर देतात का, टीव्ही दिवसभर चालू असतो का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच येणार, तेव्हा कान उघडे ठेवून आत शिरा.

पाळणाघर घराजवळ असावं की कामाजवळ? बाळ अंगावर पीत असेल तर कामाजवळ, पण तिथवर नेणार कसं हे आधी बघा. स्कूटीवर पुढे तान्हं बांधून पालखी महामार्गावरून नेणं हा उपाय नाही. २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर सुरक्षा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढच्याला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. तीनच्या पुढच्या मुलाला घराजवळचं बरं, कारण त्याला आता गावातली अंगणवाडी आहे, सवंगडी आहेत.

अंगणवाडीबद्दल एक गैरसमज काढून टाका. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण हे तिचं काम आहे. ती काही तासच भरते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, बसायला जागा मिळत नाही. दिवसभर सांभाळणारी अंगणवाडी-सह-पाळणाघरं केंद्राच्या 'पाळणा' योजनेत सुरू होत आहेत. आपल्या गावात असं केंद्र हवं असेल तर मागणी ग्रामसभेत करा, ठरावात लिहून घ्या, आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवा. खरं तर ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि मग कोसबाडला, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकट्या भावंडाला काखेत घेऊन फिरणारी मुलगी शाळेत येत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. आजही 'ताई आहे की घरात' म्हणत दहा वर्षांच्या पोरीवर दोन वर्षांचं पोर सोपवणारी घरं आहेत. तासांच्या कागदावर तिचं नाव लिहू नका.

सासूबाईंशी बोलायचं ते असं

मूल आजीच सांभाळणार असं ठरलं, आणि इथे बऱ्याच घरांत तेच ठरतं, तर ते गृहीत धरू नका, मागा. "आत्या, मला तुमचे रोज नऊ तास लागणार आहेत. त्यासाठी तुमच्या अंगावरचं कुठलं काम कमी करायचं ते आधी ठरवू." गोठ्याला एक गडी लावायचा, की दोन गायी कमी करायच्या, की धारांचं मशीन घ्यायचं, की दुपारचा स्वयंपाक तुम्ही पहाटेच उरकून जायचं? काहीतरी काढल्याशिवाय नऊ तास येणार नाहीत. आजीला महिन्याला काही रक्कम द्या. त्याला पगार म्हणू नका, त्यांना ते लागेल. पण त्यांच्या नावाच्या खात्यावर टाका. आठवड्यातून एक दिवस त्यांचा पूर्ण मोकळा. त्या दिवशी देवाला जाऊ दे, बहिणीकडे जाऊ दे, नाहीतर नुसत्या पडू दे.

वाढवण्याच्या पद्धतीवरून खटके उडतीलच. गुटी, काजळ, टाळूवर तेल, दात येताना कसलीशी माळ. सगळ्यांवर लढायला गेलात तर महिन्याभरात घर पेटेल. ज्यांवर तडजोड नाही अशा तीन-चार गोष्टी निवडा, कारणासकट सांगा आणि बाकी सोडून द्या. माझी निवड अशी : डॉक्टरांनी न सांगितलेलं काहीही पोटात नाही, गुटीसुद्धा. वर्षाच्या आत मध नाही. डोळ्यांत काजळ नाही. आणि वर्षाच्या आत गायीचं दूध प्यायला नाही. चौथी गोष्ट या भागात फार जड जाते. दावणीला गायी आणि बाळाला दूध नाही, हे आजोबांना पटतच नाही. त्यांना सांगा, वर्षाच्या आतल्या बाळाची आतडी त्या दुधाला तयार नसतात आणि त्यातून लोह मिळत नाही, रक्त कमी होतं. आपण म्हणून पटलं नाही तर लसीच्या दिवशी डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या. सुनेचं न ऐकणारे आबा डॉक्टरांचं ऐकतात.

दूध आणि घास

कामावर जाण्याच्या तीन आठवडे आधीपासून हाताने किंवा पंपाने दूध काढायचा सराव करा. पहिल्या दिवशी चमचाभर आलं तरी घाबरू नका. सोळा ते पंचवीस अंशांत काढलेलं दूध चार तासांपर्यंत बाहेर टिकतं असं सांगितलं जातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसवर असतो, तेव्हा बाहेर ठेवायचंच नाही. फ्रीजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला, चार दिवस टिकतं. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा. पाजायच्या वेळी कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा, गॅसवर नको. बाळाने उष्टं ठेवलेलं परत फ्रीजमध्ये जात नाही. पाजायला वाटी-चमचा किंवा जुनं बोंडलं उत्तम. धुवायला सोपं आणि बाटलीची सवय लागत नाही. कामावर छाती दाटून येते, दुखते. त्यासाठी दूध पाजण्याच्या त्या दोन सुट्या वापरा, आणि आडोशाची स्वच्छ जागा मागा. संडास ही ती जागा नव्हे.

सहा महिने झाले की मऊ खिमटी, नाचणीचं सत्त्व, वरण-भात कुस्करून, पिकलेलं केळं. आजीला हे तुमच्यापेक्षा चांगलं येतं. फक्त मीठ-साखर नाही आणि बिस्किट-चहा नाही, एवढं ठरवून घ्या. कामाला जाणारीने घास भरवायच्या वेळेवर फार जीव टाकू नये. संध्याकाळचा एक घास तुमच्या हातचा, बाकी ज्याच्या त्याच्या.

एक गोष्ट मनाची. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास बाळाला आई दूर गेल्याचं कळायला लागतं आणि ते जाताना रडतं. सहाव्या महिन्यात हसत राहिलेलं पोर नवव्यात गळ्याला मिठी मारून सोडत नाही, तेव्हा बायका म्हणतात, 'आता त्याला त्रास व्हायला लागलाय, नोकरी सोडते.' त्याची वाढ वेळेवर होतेय, एवढाच त्याचा अर्थ. चोरून, मागच्या दाराने निघून जाऊ नका. सांगून जा, हात हलवा, निघा. सोपवण्याची सवयही अचानक नको : पहिले तीन-चार दिवस अर्धा तास तुम्ही शेजारच्या खोलीत, मग दोन तास बाहेर, मग एका झोपेपुरतं, मग अर्धा दिवस. दोन आठवडे यात जातात. रजेचे शेवटचे दोन आठवडे याच्यासाठीच ठेवा.

वस्तीवरचे धोके

शहरातल्या मासिकांत बाळाच्या सुरक्षेचं पान येतं, त्यात प्लग आणि टेबलाचे कोपरे असतात. वस्तीवर राहणाऱ्यांची यादी वेगळी आहे, आणि मी इथे जरा थांबणार आहे. पहिलं, शेततळं. त्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो, की पडलेलं मोठं माणूसही चढून येत नाही. कुंपण जाळीचं, फाटक कुलूपबंद, आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडलेला हवा. दुसरं, नीरा डाव्या कालव्याच्या कडेची घरं. रांगणारं मूल दारापासून पाण्यापर्यंत किती वेळात पोचतं ते एकदा मोजून बघा आणि मग दाराला गुडघ्याच्या वर फळी ठोका. तिसरं, जनावरांचा हौद आणि अंगणातली बादली. तान्हं मूल वीतभर पाण्यातही बुडतं. चौथं, कडबाकुट्टीचं मशीन. त्याचं बटण उंचावर हवं आणि काम नसताना मेन स्विच बंद. पाचवं, औषधं. डाळिंब-द्राक्षाच्या बागेत फवारणी असते आणि उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची वाईट खोड आहे. ते मूळ बाटलीतच, कुलपात राहिलं पाहिजे.

काही घडलंच तर १०८ ला फोन. साप चावला तर बांधाबांध, ब्लेड, मांत्रिक यांत वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. गरजेचे नंबर आजीच्या साध्या फोनमध्ये एक दाबून लागतील असे टाका. आजीला वाचता येत नसेल तर 'एकवर पप्पा, दोनवर मम्मी, तीनवर गाडी' असं पाठ करून घ्या.

पैशाची आणि बापाची गोष्ट

'तुझा निम्मा पगार पाळणाघरातच जाणार, मग कशाला जातेस?' या वाक्यातली वजाबाकी चुकीच्या आकड्यातून केलेली असते. समजा तुमचा पगार १४ हजार, नवऱ्याचा २२ आणि पाळणाघर चार हजार. मूल दोघांचं, तर चार हजार ३६ मधून वजा होतील. शिवाय पगाराबरोबर पीएफ, ईएसआय, नोकरीतली सलगता आणि हाताचा सराव येतो. तीन वर्षं घरी बसून परत गेलेल्या बाईला नव्याने हेल्परपासून सुरुवात करावी लागते, हे कुणी हिशेबात धरत नाही.

बापाने 'मदत' करू नये, तास घ्यावेत. कागदावर त्याच्या नावाचे चौकोन असले पाहिजेत आणि त्या वेळात बाळ उपाशी, ओलं, रडकं, तापाचं कसंही असलं तरी ते त्याचं. संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ बापासाठी चांगला, कारण त्या वेळी घरात सगळ्यांचीच घाई असते. चौकात जाऊन बसायची वेळही तीच आहे, हे मला माहीत आहे. रात्री एकदा उठायचं त्याचं, एकदा तुमचं. आणि बाळाला ताप आला की रजा आळीपाळीने. मागच्या वेळी कुणी घेतली ते त्याच कागदावर खूण करून ठेवा, म्हणजे वाद होत नाही.

मूल बालवाडीत जायला लागलं की नवी अडचण उभी राहते. २०२४ मध्ये राज्याने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. पोरांच्या झोपेसाठी ते चांगलंच झालं. पण फर्स्ट शिफ्टच्या आईचे सहा ते नऊ आणि शाळा सुटल्यानंतरचे दोन तास उघडे पडले. इथे वाडीतल्या तीन-चार घरांनी पाळ्या लावल्या तर जमतं : सोमवारी तुमच्याकडे सगळी पोरं, मंगळवारी जाऊबाईंकडे.

संध्याकाळी घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास मोबाइल पिशवीतच राहू द्या, चुलीकडेही जाऊ नका. हातपाय धुवा, बाळ घ्या, बसा. पोळ्या अर्धा तास उशिरा झाल्या तर कुणी मरत नाही. झोपेची वेळ रोज तीच ठेवा. शिफ्ट बदलली तरी बाळाची बदलू नये.

मजुरीला जाणाऱ्या आयांसाठी

वर लिहिलेला कायदा बांधावर झोळी टांगून खुरपायला बसणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. तिला रजा नाही, पोच देणारा साहेब नाही. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पाच हजार मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार; अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईकडे नोंद करा. ते पैसे महिन्या-दीड महिन्याच्या विश्रांतीचे, त्यापुढचे नाहीत.

तिच्यासाठी एक तरतूद उचलण्यासारखी आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात असं होतं, की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला तेवढीच मजुरी द्यायची. द्राक्षाच्या विरळणीला किंवा कांदा काढणीला जाणाऱ्या टोळीने हे स्वतः करावं. दहा बायकांचं उक्तं काम घेतलं तर नऊ जणी रानात, एक सावलीत पोरांजवळ, आणि पैसे दहा जणींत सारखे. पाळी रोज बदलायची. बागाईतदाराला यात एक पैसा जास्त पडत नाही, त्याने एवढंच करावं : फवारणी झालेल्या बागेपासून लांब, विहिरीपासून लांब अशी सावली आणि प्यायचं पाणी द्यावं.

माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांना ऊस तोडायला बीडकडून येणाऱ्या जोडप्यांची पोरं तर पहाटेच्या थंडीत कोपीवर किंवा फडाच्या कडेला असतात, तिथूनच ट्रॅक्टर-बैलगाड्यांची ये-जा. त्या मुलांची अंगणवाडीतली नोंद 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपवर गावाकडून इथल्या अंगणवाडीत वर्ग करता येते. सेविकेला आधार क्रमांक आणि मूळ गाव सांगितलं की आहार आणि लस थांबत नाही. आणि सांभाळणाऱ्या बाईची गोष्ट मुकादमाशी बोलायची असेल तर ती फडावर आल्यावर बोलून उपयोग नाही. उचल घेताना, दसऱ्याच्या आधी, कोयत्यांची, म्हणजे जोडप्यांची, संख्या ठरते तेव्हाच सांगायचं, की दर दहा कोयत्यांमागे एक बाई पोरांजवळ थांबेल आणि तिचा हिशेब टोळीत धरला जाईल.